बाबांचे सामुराई

बाबा वर्ध्याकडून नोकरीसाठी पुण्यात आले आणि खडकी स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत कायमचे राहिले. एका खासगी कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. बेअरिंग, कटर, ग्रीसचे डबे, हातमोजे, कारखान्याला जे जे लागतं ते त्यांच्या जाळीच्या दारामागे असायचं. डोळे मिटून हात घातला तरी हवी ती वस्तू सापडेल अशी त्यांची मांडणी. तिथे कुणाला त्याचं कौतुक नव्हतं. वस्तू वेळेवर मिळाली की माणूस देणाऱ्याकडे बघत नाही.

मी सहावीत असताना कारखान्यात एक जपानी मशीन आलं आणि ते बसवायला दोन जपानी इंजिनिअर महिनाभर राहिले. त्यातले वयस्कर होते ते रोज स्टोअरपाशी थांबून बाबांची मांडणी बघायचे आणि मान हलवायचे. जाताना त्यांनी बाबांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं. सामुराईंचं. चिलखतं, किल्ले, भातशेती, चहाची खोली, सगळ्याची रंगीत चित्रं आणि खाली बारीक मजकूर. त्यांनी ते दोन्ही हातांनी दिलं, म्हणून बाबांनीही दोन्ही हातांनी घेतलं.

"आपल्याला असं दोन्ही हातांनी कोणी काही देत नाही," बाबा घरी येऊन सांगत होते.

आई म्हणाली, "मी ताट काय एका हाताने वाढते?"

बाबांचं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. डिक्शनरी शेजारी ठेवून ते पुस्तक संपवायला त्यांना वर्ष लागलं. मग जुन्या बाजारातून दुसरं आलं, तिसरं आलं. शहरातल्या एका फिल्म क्लबात जुने जपानी चित्रपट दाखवतात असं कळल्यावर त्यांनी तिथलं सभासदत्व घेतलं आणि रविवारी सकाळी मला स्कूटरवर मागे बसवून न्यायला लागले. पडद्यावरच्या इंग्रजी ओळी भराभर वाचून ते माझ्या कानात मराठीत सांगायचे. एकदा मागच्या रांगेतले एक गृहस्थ पुढे वाकून म्हणाले, "अहो, आपण बोलत असताना मध्येच ते जपानी लोक बोलतायत. त्यांना थांबायला सांगू का?" त्यानंतर बाबा नुसता माझा हात दाबायचे. एकदा दाबला की हा इमानदार माणूस, दोनदा दाबला की हा दगा देणार.

घरातही सामुराईंचे नियम लागू झाले. चपला दाराकडे तोंड करून ओळीत. पानात पडेल त्याबद्दल तक्रार नाही. पडलं, खरचटलं तरी आधी उभं राहायचं, मग रडायचं. आई म्हणायची, "नशीब, घरात तलवार नाही. विळीवर भागतंय." मला मात्र ते सगळं आवडायचं. आमच्या आळीत कुणाच्या वडिलांना असलं काही माहीत नव्हतं.

बाबांना तलवारीपेक्षा निष्ठेचं आकर्षण जास्त होतं. धनी वाईट असला, मूर्ख असला, तरी ज्याच्या दारात उभे राहिलो त्याला पाठ दाखवायची नाही, हे ते फार समजावून सांगायचे. सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. आता मला वाटतं, वर्षानुवर्षं जाळीच्या दारामागे बसून राहण्याला काही अर्थ असतो, एवढंच त्यांना कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

बारावीनंतर मी जपानी शिकले. पहिल्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा त्यांनी आळीभर पेढे वाटत सांगितलं, "आता हिला खालच्या ओळी लागत नाहीत." पुढे हिंजवडीतल्या एका कंपनीत मला कागदपत्रांच्या भाषांतराचं काम मिळालं.

बाबांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना कारखाना बंद झाला. जुने मालक वारले होते. मुलाने इथली जागा मोकळी करून नगर रस्त्यावर दूर नवा कारखाना काढायचं ठरवलं आणि जुन्या माणसांना घरी बसवायचंही. कामगार गेटवर धरणं धरून बसले. सगळ्यांत पुढे फोरमन होते. हे लोणी काळभोरचे, बाबांचे एकमेव मित्र. वीस वर्षं दोघांनी एका ठिकाणी डबा उघडला होता. त्यांच्या घरचा ठेचा बाबांना लागायचा आणि आमच्याकडची वांग्याची भाजी त्यांना.

बाबा गेटवर बसले नाहीत. त्यांनी आठवडाभर स्टोअर आवरलं, वस्तूंची यादी केली, आणि शेवटच्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून किल्ली मालकाच्या हातात द्यायला गेले. गेटवरच्या माणसांमधून वाट काढत आत गेले. मालक केबिनमधून बाहेर आला नाही. वॉचमन म्हणाला, "ठेवा तिथं टेबलावर." बाबांनी ठेवली आणि परत आले.

दीड महिन्याने गेटवर बसलेल्यांना नव्या कारखान्यात घेतलं. बाबांना कुणी बोलावलं नाही. "तुम्हीही बसला असतात तर?" आईने एकदाच विचारलं. बाबा म्हणाले, "मालकाच्या दारात धरणं धरून मिळवलेली जागा मला नको." फोरमननी त्यांचा फोन घेणं बंद केलं होतं.

मी बाबांना एक लॅपटॉप आणून दिला. मग रोज चार वाजता, चहानंतर, ते एक जुना चित्रपट लावायचे. रविवारी मी शेजारी बसायचे. तोवर मी जपानी भाषेतलीच इतिहासाची पुस्तकं वाचायला लागले होते, आणि पडद्यावर जे चाललंय ते कुठे कुठे खोटं आहे हे मला दिसायला लागलं होतं. पण मी गप्प असायचे.

त्या रविवारी मी गप्प राहिले नाही. आठवडाभर कामाचा ताण होता. आईचे गुडघे धरले होते आणि ती भिंतीला धरून चालत होती. चित्रपटात एक सेवक धन्याच्या बंद दरवाजासमोर गुडघे टेकून बसला होता. बाबा म्हणाले, "पाहा. याला म्हणतात निष्ठा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, हे खरं नाहीये."

"म्हणजे?"

मी आत जाऊन पुस्तकं आणली. युद्धं चालू होती त्या काळात हे लोक फायदा दिसेल तिकडे जायचे, धनी बदलायचे, प्रसंगी धन्याला मारून त्याची गादीही घ्यायचे, हे मी वाचून दाखवलं. निष्ठेचे ग्रंथ पुढे शांततेच्या काळात लिहिले गेले, ज्यांनी कधी लढाई पाहिली नाही अशा माणसांनी लिहिले, हे सांगितलं. त्यानंतरच्या सरकारांनी ते सैनिकांना पाठ करायला लावले आणि चित्रपटवाल्यांनी त्यावर चित्रपट काढले. मी तासभर बोलत होते. कंपनीत परदेशी ग्राहकाला समजावते तसं, एकेक मुद्दा घेऊन, पुराव्यासकट.

बाबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एकच विचारलं, "म्हणजे कोणीच तसं नव्हतं?"

"जवळजवळ कोणीच नाही."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप मिटला. चित्रपट अर्धाच राहिला होता.

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि आत गेली.

पुढच्या रविवारी चार वाजता बाबा आईबरोबर मालिका बघत बसले होते. त्याच्या पुढच्याही. मी म्हटलं, थोडे दिवस जातील. मग दुसरे चित्रपट शोधून आणले. त्यात हलक्या दर्जाचे, पोट भरायला घरी बसून छत्र्या बनवणारे सामुराई होते. शेतकरी होते, भाताची रोपं लावणाऱ्या बायका होत्या. "हे खरं जगणं आहे बाबा, हे बघा," मी म्हणाले. त्यांनी दहा मिनिटं सभ्यपणे बघितलं. "छान आहे. तू पाहा," म्हणून उठले.

एकदा कंपनीच्या कामासाठी जपानहून एक गृहस्थ आले होते, साठीच्या पुढचे. मी मुद्दाम त्यांना घरी पोहे खायला घेऊन आले. मनात वेडी आशा होती की हा माणूस बाबांना काहीतरी असं सांगेल ज्यामुळे मी बोलले ते पुसलं जाईल. बाबांनी माझ्यामार्फत विचारलं, "तुमचे पूर्वज सामुराई होते का?"

ते खळखळून हसले. "नाही हो. शेतकरी. सगळे शेतकरीच. आणि त्या जुन्या चित्रपटांतला एकही मी शेवटपर्यंत पाहिलेला नाही. फार लांबण लावतात."

मी भाषांतर केलं. खोटं भाषांतर करता आलं असतं, पण जमलं नाही. बाबाही हसले. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "भला माणूस. आपल्यासारखाच." यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, तरी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

दोन-तीन महिन्यांनी बाबा आपणहून म्हणाले, "लोणीला जाऊन येऊ." आम्ही बसने गेलो. फोरमन घराच्या ओट्यावर बसले होते. बाबांना बघून उठले नाहीत, पण "या, बसा" म्हणाले. आतून चहा आला.

बाबा म्हणाले, "माझं चुकलं."

फोरमन कपाकडे बघत म्हणाले, "तुमी किल्ली द्यायला आत गेला तवा मी गेटावरच बसलो व्हतो. चार हातांवर. तुमी बघितलं बी नाय माझ्याकडं."

"तुमचं तिकडचं कसं चाललंय?" मी विषय बदलायला विचारलं.

"कुठलं तिकडचं? आठ म्हयन्यात काढलं समद्यांना. ठेक्यावरची पोरं घेतली." मग बाबांकडे वळून म्हणाले, "बसून तरी काय मिळालं? तुमचं आन् आमचं सारखंच झालंय. पर तुमी बसला असता तर बरं वाटलं असतं. एवढंच हाय."

बाबांनी पुन्हा काही बोलायचा प्रयत्न केला. फोरमननी हात वर केला. "राग नाय आता. पर येत जाऊ नका. तुमास्नी बघितलं की ते दिस आठवत्यात."

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते. हडपसर आलं तेव्हा, मनाला फार लागलं की यायची तशी, त्यांच्या तोंडी वऱ्हाडी आली. "समोर पाहून चाललो होतो मी. मले वाटलं, तसंच चालाचं असते."



गेल्या हिवाळ्यात मी एका जुन्या जपानी रोजनिशीचं पुस्तक वाचत होते. एका साध्या पहारेकऱ्याने लिहिलेली. हा माणूस जन्मभर एकाच दरवाजावर उभा राहिला. धनी कफल्लक झाला, बाकीचे सोडून गेले, हा गेला नाही. का गेला नाही तेही त्याने कुठे लिहिलेलं नाही. रोजचं हवामान, दाराचं कडी-कुलूप, बायकोचं दुखणं, एवढंच. मी ते पुस्तक घेऊन तशीच बाहेर आले. बाबा आणि आई जमिनीवर पेपर पसरून मटार सोलत होते.

"बाबा, मी चुकले होते," मी म्हणाले. "होती तशी माणसं. हे बघा, हा एक होता."

मी दोन पानं भाषांतर करून वाचली. बाबा ऐकत होते, पण हात थांबले नव्हते. शेंग दाबायची, अंगठा फिरवायचा, दाणे भांड्यात.

"असेल," ते म्हणाले.

मी थांबून राहिले. ते रागावले असते, ओरडले असते, तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. त्यांनी सरकून मला पेपरवर जागा करून दिली. आई म्हणाली, "यातले किडके बाजूला काढ."

मी पुस्तक खाली ठेवलं आणि मटार सोलायला बसले.