नहवाला गेलो, पासपोर्ट कुणी मागितलाच नाही

या सहलीमागचं कारण सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. सांगलीत मी आणि दादाने शेजारी-शेजारी दोन प्लॉट घेतले. दादाने बांधलेली कंपाउंडची भिंत माझ्या हद्दीत तीन फूट आली आहे, असं माझं म्हणणं. या तीन फुटांपायी आम्ही तीन वर्षं बोललेलो नाही. मागच्या खेपेला तर मी दादाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून हॉटेलात उतरलो आणि गच्चीवरून त्याचा वाळत घातलेला टॉवेल ओळखला. आता मंगळवारी सरकारी मोजणी होती. माझं दुबईहून सोमवारचं विमान ठरलं होतं, हॉटेलही ठरलं होतं. दादाला धाडायची वकिलाची नोटीस 'पाठवू का?' एवढ्या प्रश्नासह माझ्या मोबाइलवर पडून होती.

गुरुवारी ऑफिसात मी प्लॉटचा नकाशा बघत बसलो होतो. आमचा नायजेरियन सर्व्हेअर गॉडविन मागून डोकावला. "कुठल्या देशाची सीमा?" त्याने विचारलं. (आमचं बोलणं इंग्रजीत चालतं, मी मराठीत सांगतोय.)

"सांगलीची," मी म्हणालो आणि विषय बदलायला नहवाची माहिती देऊ लागलो. नहवा हे शारजाचं चिमुकलं गाव. त्याच्या चहूबाजूंनी ओमानचा मधा नावाचा भाग आणि मधाच्या चहूबाजूंनी पुन्हा अमिराती. तीन वर्षं हद्दींवर वाचून मी स्वतःला तज्ज्ञ समजायला लागलो होतो. गॉडविन म्हणाला, "शनिवारी जाऊ या. एतिएनला पण घेऊ." एतिएन हा त्याचा कॅमेरूनचा रूममेट.

शनिवारी सकाळी साडेसहाला दुबईतल्या अल बर्शातून, आमच्या घरून निघालो. माझ्याकडे जाड फाइल होती: सगळ्यांचे पासपोर्ट, त्यांच्या प्रती, एमिरेट्स आयडी, पासपोर्ट साइज फोटो, गाडीचा ओमानचा विमा. विम्याचे दीडशे दिरहम, म्हणजे साडेतीन हजार रुपये. बायकोची, वैशालीची, त्या दिवशी ड्यूटी होती. तिने थालीपिठांचा डबा दिला आणि माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघून विचारलं, "मुलगी बघायला चाललायस का?" बारा वर्षांची लेक, इरा, तेवढी बरोबर आली.

शारजाहून खोरफक्कानचा रस्ता घ्या. डोंगर पोखरून केलेले लांबलचक बोगदे आहेत, इराने प्रत्येकात श्वास रोखून धरायचा प्रयत्न केला. दीड तासात समुद्र दिसतो. तिथे कडक करक चहा दोन दिरहमला मिळतो, त्यासाठी थांबाच. पुढे मधाचं वळण लागलं आणि मी सावध झालो. वेग कमी केला, काच खाली घेतली, फाइल मांडीवर उघडली. रस्त्यालगत एक सद्गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्यासमोर गाडी उभी केली आणि चार पासपोर्ट अदबीने पुढे केले.

त्यांनी ते घेतले, उलटसुलट करून पाहिले. "साब, फोटोकॉपी मशीन खराब है," ते म्हणाले.

मागे किराणा दुकानाची पाटी होती, ती मला तेव्हा दिसली. केरळचे होते. "बॉर्डर किधर है?" मी विचारलं.

"आप बॉर्डर के अंदर आ गये ना. ये ओमान है. ऊपर नहवा, वो शारजा. इधर कोई नहीं पूछता, हबीबी. पानी चाहिये?"

पाणी घेतलं. इरा पुढचे पाच किलोमीटर हसत होती.

नहवा म्हणजे मोजकी घरं, खजुराची झाडं आणि दगडी डोंगर. मोबाइलचं नेटवर्क मध्येच ओमानचं होतं आणि मध्येच परत अमिरातीचं, एवढीच काय ती सीमा. "दॅट्स इट?" इरा म्हणाली. आमच्यासमोर एक शेळी शारजातून ओमानच्या दिशेने निवांत चालत गेली.

खजुराखाली डबा उघडला. चटणीसाठी फाइलचा ट्रे करताना प्लॉटचा नकाशा बाहेर पडला. गॉडविनने तो उचलला आणि आपल्या गावाकडची गोष्ट काढली. बकासी हा समुद्रकाठचा पट्टा नायजेरियाचा की कॅमेरूनचा, हा जुना तंटा होता. प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि निकाल कॅमेरूनच्या बाजूने लागला. नायजेरियाने सैन्य मागे घेतलं, झेंडा उतरवला. गॉडविनच्या आईचं माहेर त्या पट्ट्यात होतं.

"मग तुम्ही हरलात?" मी विचारलं.

"हरलो. आई अजून रडते. मी तर पुढे सीमेवर खांब रोवणाऱ्या पथकात होतो." थालीपिठाचा तुकडा मोडत तो सांगू लागला, "दोन्ही देशांचे सर्व्हेअर एकत्र चालायचे. जागा दोघांना पटली की सह्या आणि खांब. नाही पटली तर तिथे भांडत बसायचं नाही. तेवढी जागा सोडायची, एकत्र जेवायचं, पुढच्या खांबाकडे जायचं. राहिलेल्या जागांचं नंतर बघायचं."

 एतिएन म्हणाला, "याच्या आईने पहिल्यांदा मला पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मासे वाढले. वाढताना म्हणाली, हे आमच्या पाण्यातले आहेत." दोघंही हसले. मला हसू आलं नाही.

गॉडविनने नकाशावर बोट ठेवलं. "कोपरे चार. भांडण कितींवर?"

"एकावर."

"मग बाकीच्या तिन्हींवर सह्या झाल्या असतील."

झाल्या नव्हत्या. इराने वाळूत तीन फूट मोजले, त्यात आडवी झाली आणि म्हणाली, "बाबा, आय डोन्ट इव्हन फिट. काकाने तुला न विचारता वॉल बांधली?"

इथे मला खरं बोलावं लागलं. दादाने विचारलं होतं. भिंतीची आखणी करायच्या दिवशी त्याचा फोन आला होता. मी मीटिंगमध्ये होतो. "दादा, तूच बघ रे, मला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून मी फोन ठेवला होता. पुढे तिथले भाव वाढले आणि मला अचानक सगळं कळायला लागलं. हे मी वैशालीलाही कधी सांगितलं नव्हतं. 

 संध्याकाळी पाचला घरी पोचलो. खर्च म्हणाल तर पेट्रोल, चहा, पाणी आणि कुणी न विचारलेला विमा. वकिलाला 'नको' एवढंच कळवलं आणि दादाला फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"दादा, मंगळवारी तीन कोपऱ्यांवर सह्या करू. चौथा राहू दे."

 त्याने विचारलं, "आणि चौथ्याचं काय?"

"तेव्हा तू मला विचारलं होतंस," मी म्हणालो. "मीच म्हणालो होतो, तू बघ."

"म्हणाला होतास," तो म्हणाला. "बरं, ते होईल काय व्हायचं ते. या खेपेला हॉटेलात उतरू नकोस."

हॉटेलचे पैसे परत मिळणार नव्हते. मी बुकिंग रद्द केलं.