गळणा नाय

"अरे, दार लाव! वारो पळता!"

मुलुंडच्या आमच्या चाळीत ही आरोळी उठली की कावळे उडत ते थेट नाहूरला जाऊन बसत. ओरडणारे आमचे शेजारी, मालवणचे काका. गंमत बघा, खोलीत ते एकटेच. मग दार लावायचं कोणी? तेच उठत, लावत आणि "हां, आता कसा!" म्हणून स्वतःलाच शाबासकी देत.

काका मस्कतला डक्ट दुरुस्त करायचे. डक्ट म्हणजे छपराखालून खोल्याखोल्यांत थंड हवा नेणारे पत्र्याचे बोगदे. तिथलं ऊन असं, की कोंबडी अंडं घालायची ते उकडलेलंच. ही थाप काकांची. माझी एवढीच, की ते सोललेलंही असायचं.

"एक खोली फ्रीज नि बाजूची भट्टी, तर समजायचा, मधे खंयतरी जोड सुटलो." मग छपराखाली सरपटत जायचं, जोडाजोडाशी उदबत्ती धरायची. धूर हलला की गळती सापडली. तिथली धूळ पुसायची, कापडाची पट्टी लावायची, वर बोटांनी लुकण, म्हणजे फटी बुजवायचा चिकट लगदा, चोपडायचं. नुसती चिकटपट्टी त्या उन्हात पापडासारखी सुटते म्हणे.

चाळीला यातली उदबत्तीच तेवढी कळली. कोणाकडे नवा फ्रीज आला की ओवाळायला काका! तेही मुकाट ओवाळत, चहा पिऊन येत.

ते मस्कतला असतानाच काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं.

एकदा म्हणाले, "एका बंगल्यात जोड सुटलेलो. खाली पोरां जेवता जेवता भांडत होती, ता सगळा वर ऐकाक येय. भाषा कळाक नाय. पण त्या दिवशी डबो थंयच बसान खाल्लंय."

"मग?"

"मग काय? लुकण लावलंय. घर गप्प झाला."

आमच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीत, आढ्याजवळ, नारळाएवढं भोक होतं. आमच्या पोरांचा धिंगाणा त्यातून थेट काकांच्या ताटात पडे. डागडुजीला गवंडी आला तेव्हा मी म्हटलं, "काका, बुजवून टाकू? तुम्हाला उगाच त्रास."

काका स्टुलावर चढले. भोकाशी उदबत्ती धरली. धूर सरळ आमच्याकडे घुसला, इतका की माझी बायको शिंकली.

"गळणा नाय," काका म्हणाले.

गवंडी माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

काका वारले त्यानंतर तोच गवंडी पुन्हा आला. घमेलं खाली ठेवून म्हणाला, "आता तरी बुजवू ना, वहिनी? पलीकडे कोणच नाय."

बायको घाटावरची, जन्मात मालवणी बोललेली नाही. पोरांची ताटं वाढत होती. मान वर न करता म्हणाली,

"गळणा नाय."