अंतरपाटाचा पांढरा

आमचे मारतहळ्ळीचे घरमालक, अण्णा, यांना काचबिंदू आहे. भर दुपारी समोरचा माणूस ओळखतात, पण उजेड जरा कमी झाला की संपलंच. कैक पिढ्या बेंगळुरात मुरलेलं मराठी घर त्यांचं. बोलताना निम्मं कन्नड येतं. मुलीच्या लग्नाआधी ते जिना चढून माझ्याकडे आले. म्हणाले, फोटोग्राफर ठरवलाय, पण तूही कॅमेरा आण. कार्यालयात मला काही दिसणार नाही. अंतरपाट खाली येतो ना, तेव्हाचा तिचा चेहरा मला नंतर मोठ्या पडद्यावर, नाक लावून बघायचाय.

मी हो म्हटलं, आणि वर फुशारकीही मारली. येलहंक्याच्या हवाई प्रदर्शनात कसरती करणारी विमानं टिपते मी, नवरी काय पळून जाणार आहे? माझ्या जिभेला हाड नाही, हे मी पुण्यात होते तेव्हापासूनच सगळ्यांना ठाऊक आहे.

मुहूर्त सकाळचा. फोटोग्राफर त्याच्या दिव्यांसकट बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकला. ‘दहा मिनिटं’ असं त्याने तीनदा कळवलं. मुहूर्त थोडाच कुणासाठी थांबतो! भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. पाहुण्यांच्या मुठीत अक्षता होत्या. कॅमेरा धरलेली एकटी मीच.

कार्यालय अंधारं, पिवळट. पण माझा भरवसा ऑटो आयएसओवर. रेडिओवर स्टेशन क्षीण लागलं की आपण आवाज वाढवतो, तसं आयएसओ उजेडाचं करतो. वाढवला की खरखरही वाढते, फोटोवर दाणे उठतात. ऑटोमध्ये ते वाढवणं-कमी करणं कॅमेराच बघतो. आपण फक्त दोन अटी घालायच्या: शटर याहून हळू चालवायचं नाही आणि आयएसओ याच्या वर न्यायचा नाही. मी पहिला फोटो काढला. काळाकुट्ट. अगं बाई! विमानांसाठी घातलेली शटरची अट तशीच राहिली होती. शटर इतक्या झटकन मिटताना उजेड जेमतेम आत येतो, म्हणून आयएसओ वरच्या हद्दीला टेकला तरी उजेड पुरेना. ‘सावधान’ आणि ‘सावधान’च्या मधे मी मेनूत शिरून शटरचा वेग खाली आणला. पुढचा फोटो स्वच्छ आला. नवरीच्या मुंडावळ्यांचा मोती न् मोती दिसत होता.

मग शेवटचं कडवं लागलं. मी पुढे सरकले. अंतरपाटाच्या पांढऱ्याशुभ्र कापडाने जवळजवळ सगळी चौकट भरली. चौकटीखाली आयएसओचा आकडा धडाधडा उतरला, आणि मला वाटलं, वा, इथे उजेड बरा दिसतोय! क्षण हुकू नये म्हणून मी बटण अर्धं दाबून धरलं. माझ्या कॅमेऱ्यात तसं धरलं की उजेडाचं माप तिथेच थांबतं. माप कापडाचं झालं, चेहऱ्यांचं नाही.

वाजंत्री कडाडली, कापड उतरलं, मी बटण दाबलं. अंधार. बोट उचलून पुन्हा दाबलं तेव्हा लख्ख आलं, पण तोवर हार पडले होते आणि दोघं हसत होती. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

जेवणं झाल्यावर अण्णांनी वधूपक्षाच्या खोलीत मला लॅपटॉप उघडायला लावला. हाराचा फोटो दाखवून ‘हाच तो’ म्हटलं असतं, तर त्यांना काय कळणार होतं? ते मनात आलं, खोटं कशाला सांगू. पण ते चष्मा पुसत बसले होते. मला धीर झाला नाही. म्हटलं, अण्णा, चुकले मी, तो फोटो काळा आलाय. त्यांनी चष्मा लावला.

मी तो काळा फोटो उघडला आणि उजेड वाढवत नेला. दाणे उठले, रवा सांडल्यासारखे. त्यातून हळूहळू तिचा चेहरा वर आला. ती नवऱ्याकडे बघतच नव्हती. मान वळवून बाजूला बघत होती.

अण्णांनी पडद्याला नाक लावलं. मग म्हणाले, “कुणाकडे बघते गं ती?”

“तुमच्याकडे, अण्णा.”

“आणि मी?”

ते चौकटीच्या कडेला उभे होते. हात जोडलेले, नजर भलत्याच बाजूला, रिकाम्या खांबाकडे.

“तुम्हीही तिच्याकडेच,” मी म्हटलं.

“सरी, बरं,” ते म्हणाले. “स्वल्प इकडेतिकडे झालं असेल.”

मग त्यांनी बोटाने चाचपत पडद्यावर तिचा चेहरा शोधला आणि बोट तिथेच ठेवून बसून राहिले.