बुरुजावरचे पापड

आता कुठल्या तोंडानं सांगू बायांनो! चहा घेता घेता ऐका, पण हसू नका. निदान माझ्यासमोर तरी नको.

आमच्या सुमीचं रोह्याच्या एका मुलाशी जमत आलं होतं. मुलगा गुणाचा, कंपनीत नोकरीला. मी तर मनात मांडवसुद्धा घातला होता! अडलं होतं एकाच ठिकाणी. मुलाची आई लहानपणीच गेली, त्याला वाढवलं आत्यानं, आणि आत्या राहतात विजापुरात. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी हो म्हटलं तर हो, नाही म्हटलं की संपलं. आणि त्यांना म्हणे खोटं बोललेलं अजिबात खपत नाही.

मी आणि आमचे हे त्यांना भेटायला निघालो, तेव्हा सुमीनं माझा हात धरला. "आई, तिथे काय करू नको हं. जायचं, बसायचं, यायचं."

"मी काय करतंय गो?" मी म्हटलं.

हे वाक्य लक्षात ठेवा.

पेणची बाई सोयरिकीच्या घरी रिकाम्या हातानं जाईल का? मी पोह्याचे पापड केले. पण नेमकं दोन दिवस आभाळ आलं. अर्धवट वाळलेले पापड तसेच पिशवीत भरले. विजापूरला लॉजवर पिशवी उघडते तर काय! सगळे दमट, एकमेकांना चिकटायच्या बेतात, वर कुबट वास. संध्याकाळी त्या कडक बाईपुढे हे ठेवायचं? पोरीचं लग्न मोडलं, असंच वाटलं मला.

आमच्या ह्यांना त्याचं काही नाही. "उपली बुरूज बघून येव," म्हणाले. "वरून सगला विजापूर दिसतो."

गेले मी, पिशवी काखोटीला मारून. बुरुजाला बाहेरून वळत जाणाऱ्या पायऱ्या. पायरी पायरीला मी सुमीच्या नावानं देवाला हाक मारत होते. वर पोचलो. गोल घुमट, मिनार, गल्ल्या, घरांच्या गच्च्या, सगळं शहर चारी बाजूंनी पसरलेलं. हे नुसते "वा! वा!" करत होते.

आणि मी काय बघितलं? ऊन!

असं कोरडं, कडक ऊन आपल्याकडे शोधून सापडायचं नाही. सावलीला झाड नाही. सपाट दगड, आणि त्यावर दोन लांबच लांब लोखंडी तोफा, तव्यासारख्या तापलेल्या. माझे हात शिवशिवायला लागले. तुम्ही असता तर काय वेगळं केलं असतंत? खरं सांगा!

"अहो, लुंगी काढा."

"आँ? हितं?"

"पिशवीतली हो!"

लुंगी पसरली, माझी जादाची साडी पसरली, पापड मांडले. उरले ते तोफेवर घातले. आणि छत्री उघडून बसले राखणीला.

"अगो, ही जागा सरकारी हाय," हे कुजबुजले.

"जागा सरकारी असंल. ऊन तर सरकारी नाय ना?"

अर्ध्या तासात पापड खुळखुळीत वाळले. मी इतकी खूश झाले की सुमीला फोन लावणार होते. तेवढ्यात वारा उठला! लुंगीचा कोपरा वर गेला आणि माझे पापड एकामागून एक बुरुजावरून खाली. मी धावले, हे धावले. मी ओरडतेय, "धरा! धरा!" आणि हे एका हातानं लुंगी धरतायत, दुसऱ्यानं मला. त्यात पहारेकरी वर आला. "ये क्या चल रहा है?" मग तोफेकडे बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. मी हात जोडले, माफी मागितली, पदरानं तोफ पुसली. तोफेवरचे तेवढे पापड वाचले, ते घाईघाईनं डब्यात भरले.

संध्याकाळी आत्यांची गल्ली शोधत गेलो. दारात शिरताना मी एकदाही मान वर करून बघितलं नाही. बघायला हवं होतं. बुरूज त्यांच्या घरामागेच होता.

आत्या ताठ बसलेल्या. "विजापूर पाहिलंत का?"

हे तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "कुठलं हो! लॉजवरच पडून होतो. प्रवासानं थकलो."

"असं का? आज दुपारी बुरुजावर एक बाई वाळवण घालून बसली होती. छत्री घेऊन. आमच्या गच्चीवरून अगदी समोर दिसतं."

अहो, ज्या बुरुजावरून सगळ्या गच्च्या दिसतात, तो सगळ्या गच्च्यांवरून दिसणार, हे मला कसं सुचलं नाही? बरं, आता तरी गप्प बसावं की नाही?

"अगोबाई! काय एकेक बाया असतात!" मी म्हटलं. "इतकी जुनी वास्तू! लाज कशी वाटत नाही?"

हे चहाच्या कपात बघत बसले.

"तोफेवरसुद्धा घातले होते," आत्या म्हणाल्या.

"शी! तोफेवर? पोलिसात द्यायला पाहिजे असल्या बाईला!" आणि त्याच दमात मी डबा पुढे केला. "हे घ्या. घरचे पोह्याचे पापड."

आत्यांनी एक पापड उचलला, उलटा केला. पाठीवर गंजाचा तांबडा पट्टा! त्या आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. ताटात सात-आठ पापड.

"हे दुपारी आमच्या गच्चीवर येऊन पडले," त्या म्हणाल्या. "आमच्या गल्लीत पोह्याचे पापड कुणी करत नाही."

माझा पापड त्यांनी ताटात ठेवला. तेच रूप, तोच आकार!

मला रडूच फुटलं. "सुमीला यातलं काय म्हंजे काय म्हाईत नाय हो! ती सांगत होती, काय करू नको म्हणून. सगलं मीच केलं. माझ्यापायी पोरीला नको म्हणू नका."

आत्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"मुलगी मला फोटोवरूनच पसंत होती," त्या म्हणाल्या. "तुम्हाला फक्त एवढंच विचारायचं होतं. लग्नानंतर तुम्ही तिच्या संसारात लुडबुड करणार नाही ना?"

मी डोळे पुसले, छातीवर हात ठेवला. "देवाशपथ नाय! कंदी नाय!"

तेव्हा आमच्या ह्यांनी कप खाली ठेवला.

"बाई," हे म्हणाले, "ह्ये पन खोटा हाय."