दोरीवरचं धोतर

तीस सालच्या आसपासची गोष्ट. मुंबईतल्या खोल्यांचं भाडं म्हणजे नाकापेक्षा मोती जड होऊ लागलं, तेव्हा आमच्या ह्यांनी तोड काढली. मी दोन्ही मुलींना घेऊन रत्नागिरीत राहायचं, ह्यांनी मुंबईत खाणावळीत जेवून कारकुनी करायची आणि मनिऑर्डर पाठवायची. "अर्धी रत्नागिरी अशीच जगते," हे म्हणाले. मी म्हटलं, आधी गाव बघू.

आठ दिवसांची रजा काढून हे आम्हाला पोचवायला आले. खोल्या बघायची माझी एक रीत आहे. मालकाचं ऐकायचं नाही, दोरीवरचं धुणं बघायचं. शितावरून भाताची परीक्षा! त्या आळीत लुगडी धड होती, मुलांच्या सदऱ्यांना ठिगळं नव्हती. भाडं मुंबईच्या निम्म्याहून कमी, मासळी दारात. हे खूष झाले. मी मात्र एकेक अंगण बघत पुढे गेले आणि सातव्या दोरीशी माझं डोकं फिरलं. एकाही दोरीवर धोतर नव्हतं.

"ही कसली स्वस्ताई?" मी भर आळीत म्हटलं. "नवरा वगळला की संसार स्वस्तच पडणार. मला नको असला!"

दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. मला आतून भीती वाटत होती, पण माघार घेईन तर शपथ. तिसऱ्या दिवशी मीच ह्यांच्या हातात टोपी दिली आणि कोर्टाकडे पिटाळलं. एका वकिलांना कारकून हवा होता. पगार मुंबईपेक्षा बराच कमी. "इथं पुरेल," मी ठणकावून सांगितलं, आणि पुरला. रजा संपली, त्या दिवशीची आगबोट ह्यांच्याविना गेली.

त्याच आळीतल्या आमच्या नव्या अंगणात, अगदी पुढच्या दोरीवर, मी रोज ऐटीत धोतर वाळत घालू लागले. शेजारच्या काकू मधल्या दगडी गडग्यापाशी येऊन बघत. "काय गो, किती दिवसांची रजा?" महिन्याभराने पुन्हा, "अजून गेले नाहीत?"

"जायचेच नाहीत आता," मी म्हटलं.

काकूंचे यजमान मुंबईला गिरणीत होते. त्या जरा वेळ धोतराकडेच बघत राहिल्या. "आमच्याकडे गणपतीत वाळतं हो," म्हणाल्या. "पाच दिवस."

दुसऱ्या दिवसापासून मी ह्यांचं धोतर मागच्या दोरीवर घालू लागले.