पिशवी काढायची न्हाई

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला मी ऊसतोडीला गेले. आमच्या आष्टीकडं नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. नवरा ऊस तोडायचा. मी पाचट काढून मोळ्या बांधायची आणि डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायची. ट्रकला तिरकी फळी लावलेली असायची, मोळीसकट तिच्यावरून वर चढायचं. मान खांद्यात रुतल्यासारखी व्हायची. तरी फडातली एकही बाई मला मागं टाकू शकत नव्हती, हे मी आजही तोऱ्यात सांगते.

दोन पोरं झाली, त्यानंतर ओटीपोटात दुखायला लागलं. फडात आडोसा नव्हता, आम्ही राहायचो त्या कोपीला मोरी नव्हती. पाळीतलं कापड अर्धवट वाळलेलं तसंच परत घ्यायचं. अंगावरून पांढरं जायला लागलं, मधूनच कणकण यायची. हंगाम संपवून गावी आले, तेव्हा सासूनं मला एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पोट दाबून बघितलं आणि म्हणाला, “गर्भाची पिशवी खराब झालीय. पुढं कॅन्सर व्हायचा. काढून टाका, मोकळ्या व्हाल.”

सासू तिथंच तयार झाली. “काढून टाक बाई. पाळीची कटकट मिटंल, कामाचा खाडा पडणार न्हाई.”

घरी आल्यावर मी जावेजवळ जाऊन बसले. तिशीच्या आतच तिची पिशवी काढली होती. ती भाकरी थापत होती आणि पदरानं सारखा घाम पुसत होती. मी विचारलं, “तुमाला बरं वाटलं का?”

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. “दुखणं काय गेलं न्हाई. पिशवीच गेली तेवढी. आता कंबर धरती, अंगातनं वाफा निघत्यात. मोळी तर उचलावी लागतीच.”

मी उठून सासूपुढं उभी राहिले. “आत्या, मी पिशवी काढणार न्हाई.”

“कावून?”

“आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवणार. मग बघू.”

नवरा उंबऱ्यात बसून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाडीला किक मारली आणि म्हणाला, “चल बीडला.”

सरकारी दवाखान्यात रांग मोठी होती, पण डॉक्टरीणबाईंनी मला नीट तपासलं, सोनोग्राफी केली. “पिशवी ठणठणीत आहे,” त्या म्हणाल्या. “आत संसर्ग झालाय, गोळ्यांनी जाईल. पण गोळ्या यांनाही घ्याव्या लागतील.”

“मला काय झालंय?” नवरा दचकलाच.

“काही त्रास नसला तरी घ्यायच्या. नाहीतर हिला परत होईल.”

त्याचे कान लाल झाले. पण त्यानं सगळ्या गोळ्या घेतल्या, प्रत्येक वेळी कडू तोंड करून, माझ्यासमोर. मानेचं सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, “मणके झिजायला लागलेत. ओझं घेऊन चढायचं बंद करा.” मी हसले. ट्रक मग कोण भरणार? पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

पुढच्या हंगामात पहिलाच ट्रक फडाला लागला, तेव्हा मी मोळी फळीच्या बुडाशी टाकली. मुकादमाला म्हटलं, “बाया आता फळीवर चढणार न्हाईत. आमी हितवर आणून देऊ. वर बाप्ये चढवतील.”

“आन् गाडीला उशीर झाला तर?”

“तर हुईल उशीर.”

सगळ्यात आधी माझी जाऊ मोळीवर बसली. मग एकेक करत सगळ्याच बसल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. मुकादम आमच्यावर ओरडला, मग बाप्यांवर ओरडला. शेवटी माझा नवरा पुढं आला आणि माझी मोळी खांद्यावर घेऊन फळी चढला. त्याच्यामागनं बाकीचे उठले. ट्रक उशिरा निघाला, पण भरून निघाला.

त्याच आठवड्यात आम्ही बायांनी वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, आडोसा उभा केला, खाली दगड बसवले, झाली न्हाणी. स्वच्छ पाण्यासाठी मुकादमानं कुरकुरत का होईना, एक पिंप आणून दिलं. आम्ही कापडं उन्हात वाळवायला लागलो, आणि ती लपवायची नाहीत असं ठरवलं. गोळ्यांनी थांबलेलं माझं अंगावरून जाणं त्या हंगामात परत सुरू झालं नाही. मान मात्र पूर्ण बरी झाली नाही. थंडीत अजून आखडते.

जावेला मी त्याच बाईंकडं नेलं. कमी वयात पिशवीबरोबर अंडाशयंही काढल्यामुळं हाडं लवकर ठिसूळ होतायत, असं त्यांनी सांगितलं. जाऊ दवाखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडली. आता ती औषध घेते, फडावर जात नाही, गावातच शिवणकाम करते.

परवा सासू शेजारच्या सुनेला हाताला धरून माझ्याकडं घेऊन आली. त्या पोरीला पिशवी काढायला सांगितलं होतं.

“हिला तुझ्या त्या डॉक्टरीणबाईकडं ने,” सासू म्हणाली. “आन् हिच्या नवऱ्यालाबी संगं घे.”