वाघाच्या उरल्यासुरल्या मिशा

कोल्हापूरच्या राजवाड्यातल्या संग्रहात वस्तूंची निगा अन् मांडणी शिकायची उमेदवारी मिळाली, तशी आईने लाडूंचा डबा बांधला आणि मी मिरजेहून सकाळची गाडी धरली. तिसऱ्या वर्गाने जाणार असाल तर खिडकी पकडा. नाहीतर गुळाच्या ढेपांशी मांडीला मांडी लावून बसावं लागतं. स्टेशनाबाहेर टांगेवाला म्हणाला, "पावणं, नवं दिसताय. दोन आणे द्या की!" दिले. नंतर कळलं, एका आण्यातही तो खूश झाला असता.

कारभारी दत्तोबांनी मला थेट पेंढा भरलेल्या वाघापुढे उभं केलं. डावीकडे मिशीच नाही! "लोकं उपटत्यात, ताईतात घालाय," ते म्हणाले. "दसऱ्याला महाराज पावणं घेऊन येणार हायत. तवर उजवीकडच्या टिकल्या तर तुमची नोकरी पक्की. न्हायतर मिरजेची गाडी हायच."

कातड्याला कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालतात, हे मला ठाऊक होतं. माणसांवर कुठला पाला घालायचा? वाघाभोवती दोर बांधला. एक पैलवान दोरावरून वाकला. मी ओरडलो, तर म्हणाला, "राजाचा वाघ म्हंजे आमचाच की! आम्ही काय परकं हाय व्हय?" गेली एक मिशी. मग पाटी लावली. पाटीखालीच उभं राहून एका आजींनी दुसरी नेली, वर मला आशीर्वाद दिला.

खानावळीत तांबडा रस्सा ओरपताना (नाकाडोळ्यांतून पाणी येतं, पण चुकवू नका) डोकं चाललं. सकाळी वाघाच्या लाकडी चौथऱ्याला कुंकू लावलं, झेंडू ठेवला. बस्स! लोक पायताणं दाराशी काढून हात जोडू लागले. देवाची मिशी कोण उपटणार? दत्तोबांनी मात्र कपाळावर हात मारला. "वाघाचा देव केलासा! आता नारळाचं पाणी कोण पुसायचं?" मीच पुसत होतो, अगदी आनंदाने.

दसऱ्याला महाराज पाहुण्यांसह आले, नारळांचा ढीग पाहून हसले आणि पुढे गेले. उरलेल्या मिशा जागच्या जागी. नोकरी पक्की!

दिवाळीला घरी आलो, आईला सगळं रंगवून सांगितलं. ती पोट धरून हसली. मग ताईच्या बाळाला थोपटत हळूच म्हणाली, "फार दचकतं रे हे. एखादी मिशी आणायचीस की."

"आई! अगं, त्याच मिशांवर माझी नोकरी आहे!"

"असू दे रे. मी काय परकी आहे?"

उद्या परत निघतोय. आईही येते म्हणते, वाघाच्या दर्शनाला. गाडीत खिडकी तिला देईन. चौथऱ्याशी मात्र तिच्या आणि वाघाच्या मधे मीच उभा राहणार.